मागे वळणारी नजर

आपल्या पंचाहत्तरीला मुलाने किंवा नातवाने टॅब भेट दिला असेल, तर त्यात शीघ्रवाचनाचे एखादे सॉफ्टवेअरही त्याने हौसेने घालून दिले असण्याचा संभव आहे. हेतू चांगलाच असतो. ‘आजोबा, तुम्हाला पेपर वाचायला अख्खी सकाळ लागते, यात अर्ध्या तासात होईल,’ असे म्हणून तो पडद्यावर बोट टेकवतो आणि मजकूर धावू लागतो. धावू लागतो म्हणजे ओळी दिसेनाशा होतात आणि पडद्याच्या मध्यभागी, एकाच जागी, एकामागून एक शब्द उमटत राहतात. एक उमटला की आधीचा पुसला जातो. नजर हलवायची नाही, बोट फिरवायचे नाही, फक्त पाहत राहायचे. वेग आपण ठरवायचा : मिनिटाला 200 शब्द, 300 शब्द, आणि हौसच असेल तर 600.

मीही हे करून पाहिले. सोलापुरात वैशाखातल्या दुपारी घराबाहेर पडण्याची सोय नसते. पारा चाळिशीच्या वर गेलेला असतो आणि पंख्याखाली बसून काहीतरी वाचणे एवढाच उद्योग उरतो. प्रथम एक बातमी त्या सॉफ्टवेअरमध्ये घातली. मजा वाटली. शब्द झरझर आले, सगळे ओळखीचे होते, आणि बातमी संपली तेव्हा आपण ती नीट वाचली अशी माझी खात्रीच झाली. पत्नीने विचारले, ‘अहो, काय वाचलंत?’ विषय सांगता आला. पाणीपुरवठ्याविषयी काहीतरी होते. पण पाणी कोणत्या भागाला, किती दिवसांआड आणि कोणत्या तारखेपासून, यांपैकी एकही गोष्ट सांगता आली नाही.

हे हसण्यावारी गेले. दुसरा प्रयोग मात्र हसण्यासारखा नव्हता. हृदयाच्या तक्रारीनंतर मला रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे. तिच्यासोबत मिळालेल्या मराठी सूचना मी टॅबवर उतरवून घेतल्या आणि मिनिटाला 300 शब्दांच्या वेगाने वाचल्या. त्यांत एक वाक्य होते : ‘दात काढण्यापूर्वी ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आपल्या मनाने बंद करू नये.’ माझ्या मनात राहिले ते असे, की दात काढण्यापूर्वी गोळी बंद करायची असते. शेवटचा ‘नये’ माझ्यापर्यंत पोचलाच नव्हता. दाताच्या दवाखान्यात जाण्याचा योग त्या महिन्यात आला असता, तर मी काय केले असते हे सांगण्याची गरज नाही. संध्याकाळी तोच कागद हातात घेऊन सवयीप्रमाणे वाचला, तेव्हा वाक्याच्या शेवटी नजर अडखळली, मागे गेली आणि अर्थ उलटा झाला.

त्या मागे जाण्याविषयीच आज आपल्याशी बोलायचे आहे.

नजर वाहत नाही, उड्या मारते

आपण वाचतो तेव्हा नजर ओळीवरून पाण्यासारखी वाहत जाते असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ती उड्या मारत जाते. एकेका ठिकाणी सुमारे पाव सेकंद थांबते, तेवढ्यात अक्षरे टिपते आणि पुढच्या ठिकाणी झेप घेते. झेप चालू असताना आपल्याला जवळजवळ काहीच दिसत नाही. वाचताना डोळ्यांच्या होणाऱ्या या हालचालींची नोंद 1879च्या सुमारास पॅरिसमध्ये एमिल जव्हाल यांच्या प्रयोगशाळेत झाली. जव्हाल हे नेत्रवैद्य होते. पुढे काचबिंदूने त्यांची स्वतःची दृष्टी गेली, आणि 1903 मध्ये त्यांनी दृष्टी गमावलेल्या लोकांना दैनंदिन व्यवहारात उपयोगी पडेल असे पुस्तक लिहिले. वाचणाऱ्या डोळ्यांचा अभ्यास करणाऱ्याच्या वाट्याला असे यावे, याचे मला नेहमी वाईट वाटते.

नजर थांबते तेथेही ती फार थोडे स्पष्ट पाहते. हात सरळ लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहावे. साधारण तेवढ्याच जागेत आपली दृष्टी अगदी तीक्ष्ण असते, आजूबाजूचे सारे पुसट. त्यामुळे ‘एका नजरेत अख्खी ओळ’ किंवा ‘एका नजरेत अख्खे पान’ ही शीघ्रवाचनाच्या वर्गांतली आश्वासने डोळ्यांच्या रचनेलाच मान्य नाहीत. ती कितीही सराव केला तरी बदलत नाही.

आता महत्त्वाची गोष्ट. नजरेच्या दर 100 उड्यांपैकी साधारण 10 ते 15 उड्या मागे जातात. चांगला, सराईत वाचकसुद्धा मागे जातो. कधी शब्द चुकीचा वाचलेला असतो, कधी वाक्याचा शेवट सुरुवातीशी जुळत नाही, कधी ‘तो’ म्हणजे नेमका कोण हे पाहायचे असते. शीघ्रवाचनाचे शिक्षक या मागे जाण्याला वाईट खोड मानत आले आहेत. सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांनी उभे आयुष्य यंत्रमागावर काढले, त्यांना याचे उत्तर कुणी सांगायला नको. धागा तुटला की माग थांबवावा लागतो, मागे जाऊन गाठ मारावी लागते. न थांबवता माग चालू ठेवला तर कापड पुढे जाते खरे, पण त्यात दोष राहून जातो.

2014 मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील संशोधकांनी हे नेमके तपासून पाहिले. एलिझाबेथ शॉटर, रँडी ट्रॅन आणि कीथ रेनर यांनी वाचकांना वाक्ये दिली, पण काही वाक्यांत अशी व्यवस्था केली की नजर शब्दावरून पुढे गेली की मागचा शब्द निरर्थक अक्षरांनी झाकला जाई. मागे वळले तरी तेथे काही सापडत नसे. परिणाम स्पष्ट होता : मागे वळून पाहण्याची सोय काढून घेतली की आकलन घसरले. अवघड, दुहेरी अर्थाच्या वाक्यांतच नव्हे, तर सरळ वाक्यांतही. आपल्या टॅबवरचे सॉफ्टवेअर करते ते हेच. ते मागचा शब्द पुसून टाकते.

वेगाचे आकर्षण जुनेच

हे वेड टॅबबरोबर आलेले नाही. अमेरिकेत एव्हलिन वुड या शिक्षिकेने 1959 मध्ये शीघ्रवाचनाचे वर्ग सुरू केले. पानावरून हात झरझर फिरवत वाचण्याची त्यांची पद्धत इतकी लोकप्रिय झाली, की पुढे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनीही हा अभ्यासक्रम केला. (गंमत अशी, की आपल्याकडे पोथीच्या ओळीवर बोट ठेवून वाचणाऱ्या आजीला आपण हसतो.) पुढे 1980च्या दशकात असे प्रशिक्षण घेतलेल्या वाचकांची परीक्षा घेतली गेली, तेव्हा सोप्या मजकुराचा सर्वसाधारण आशय त्यांना बऱ्यापैकी सांगता आला. तपशील विचारल्यावर मात्र सावकाश वाचणारे सामान्य वाचक त्यांच्या पुढे होते. म्हणजे माझ्या पाणीपुरवठ्याच्या बातमीचेच झाले.

2014 मध्ये ‘स्प्रिट्झ’ या नावाने एकेक शब्द दाखवणारे सॉफ्टवेअर गाजले. प्रत्येक शब्दातले एक अक्षर लाल असे, नजर तेथे टेकवायची. वाचनाचा बहुतेक वेळ नजर हलवण्यातच वाया जातो, असे कंपनीचे म्हणणे होते. पण नजरेच्या उड्यांत जाणारा वेळ एकूण वाचनाच्या साधारण एकदशांशच असतो, आणि त्या वेळातही मन आधीच्या शब्दांचा अर्थ लावतच असते. खरा वेळ जातो तो अर्थ लावण्यात, आणि तो वाचवता येत नाही. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याच सॉफ्टवेअरवर वाचणाऱ्यांना मजकुरातील प्रत्यक्ष सांगितलेल्या गोष्टी कमी आठवल्या. शिवाय त्यांच्या पापण्या कमी वेळा लवल्या आणि डोळे अधिक थकले.

पापणीची ही गोष्ट साधी समजू नये. पापणी लवण्यास साधारण एकदशांश ते चार-दशांश सेकंद लागतो. मिनिटाला 300 शब्दांच्या वेगात एक शब्द एकपंचमांश सेकंद टिकतो, 600च्या वेगात एकदशांश सेकंद. म्हणजे एकदा पापणी लवली की एखादा शब्द, वेग वाढवला असेल तर तीन-चार शब्दही, नाहीसे. कागदावर पापणी लवली तर शब्द आपली वाट पाहत तेथेच थांबतो. साठीनंतर अनेकांचे डोळे कोरडे पडतात, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर विशेष. ओलावा टिकवण्यासाठी पापणी लवणे हाच नैसर्गिक उपाय. शब्द निसटू नये म्हणून आपण डोळे ताणून बसलो, तर डोळ्यांची आग होणारच.

मराठीत आणखी एक अडचण

मिनिटाला इतके शब्द हा हिशेब इंग्रजीवरून आलेला आहे. बेल्जियमचे मानसशास्त्रज्ञ मार्क ब्रिसबर्ट यांनी 2019 मध्ये 190 अभ्यास एकत्र करून दाखवले, की प्रौढ माणूस माहितीपर इंग्रजी मजकूर मनातल्या मनात मिनिटाला सरासरी 238 शब्दांच्या वेगाने वाचतो, कथा-कादंबरी 260च्या. मराठीला हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. आपली भाषा शब्दाला प्रत्यय जोडते. ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय’ हे आपल्याकडे दोन शब्द झाले, इंग्रजीत तेच सांगायला चार लागतात. ‘जेवणानंतरच्या’, ‘शेजाऱ्यांच्यासुद्धा’ असे भरगच्च शब्द आपण सहज वापरतो. एवढा लांब शब्द आणि ‘व’ हे एकाक्षरी अव्यय, दोन्हींना सॉफ्टवेअर सारखाच वेळ देत असेल, तर लांब शब्द अर्धवट वाचून होतो आणि ‘व’कडे आपण उगाच पाहत बसतो. वर वेलांटी, खाली उकार, मध्ये जोडाक्षर असलेल्या आपल्या लिपीत बारीकशी खूणही अर्थ बदलते. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत फरक केवळ ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचा.

आणि सर्वांत मोठी बाब म्हणजे नकार. मराठीत वाक्याचा नकार बहुधा शेवटी येतो. ‘घेऊ नये’, ‘चालणार नाही’, ‘मिळणार नाहीत’. औषधाची सूचना असो, बँकेच्या मुदत ठेवीची अट असो, विम्याचा कागद असो, सारा भार शेवटच्या एका लहान शब्दावर असतो. तो आल्यानंतर मागचे वाक्य मनात पुन्हा फिरवावे लागते. धावत्या पडद्यावर त्या क्षणी पुढचे वाक्य सुरू झालेले असते.

सोलापूरकरांच्या बाबतीत तर आणखी एक पदर आहे. घरात तेलुगू किंवा कन्नड, बाजारात मराठी, दवाखान्याच्या कागदावर इंग्रजी असे असंख्य ज्येष्ठांचे आयुष्य आहे. कुणाचे शालेय शिक्षण तेलुगू शाळेत झाले, कुणाचे उर्दूत. शिकलेल्या पहिल्या लिपीत ज्या सहजतेने वाचता येते, तशी पुढे शिकलेल्या लिपीत येईलच असे नाही. आजी मराठी पेपर सावकाश वाचते म्हणून तिची बुद्धी मंदावली, असा निष्कर्ष सुनेने काढू नये. तेलुगू मजकूर हाती देऊन पाहावे.

सावकाश वाचणे म्हणजे कमी समजणे नव्हे

वयानुसार वाचन मंदावते हे खरे आहे, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. डोळ्यातील भिंग पिवळसर होते, बाहुली लहान राहते. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या साधारण एकतृतीयांश प्रकाश पोचतो. नजरेच्या हालचालींचा ज्यांनी जन्मभर अभ्यास केला, त्या कीथ रेनर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये तरुण आणि वयस्क वाचकांची तुलना केली. वयस्कांची नजर अधिक वेळा आणि अधिक काळ थांबत होती, मागेही अधिक वेळा वळत होती, पण वाचलेले समजण्यात ते तरुणांच्या मागे नव्हते. थांबणे आणि मागे वळणे हीच त्यांची आकलन राखण्याची रीत होती. ती मोडून काढणारे साधन त्यांच्याच हाती ‘सोय’ म्हणून देणे, हे मला तरी उलटे वाटते.

ओठ हलवत, पुटपुटत वाचण्याचेही तसेच. गुरुचरित्राचा सप्ताह करणारे किंवा ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसणारे उच्चारून वाचतात. शीघ्रवाचनाच्या मते मनातला हा आवाज बंद केला पाहिजे. संशोधनाचा कल याच्या विरुद्ध आहे : मनातला उच्चार अर्थ धरून ठेवण्यास मदत करतो, तो दाबला की समज कमी होते. हिराचंद नेमचंद वाचनालयात किंवा आपल्या पेठेतल्या लहानशा वाचनालयात कुणी पुटपुटत वाचत असेल तर शेजाऱ्याला थोडा त्रास होतो हे मान्य, पण वाचणारा चुकीचे काही करीत नसतो.

‘मेंदू तरतरीत राहतो’ अशी जाहिरात पाहून हे सॉफ्टवेअर घेण्याचा विचार असेल, तर थोडे थांबावे. अमेरिकेत 2016च्या जानेवारीत ‘ल्युमॉसिटी’ हे मेंदूचे खेळ विकणाऱ्या कंपनीला, वयानुसार येणारा विसर लांबवता येतो अशा पुराव्यावाचून केलेल्या दाव्यांबद्दल तेथील व्यापार आयोगाशी 20 लाख डॉलरची तडजोड करावी लागली. ते शीघ्रवाचनाचे सॉफ्टवेअर नव्हते, पण दाव्यांची भाषा ओळखीची आहे. वेगाने वाचल्याने विसराळूपणा टळतो, याला भरवशाचा आधार नाही.

मग हे सॉफ्टवेअर काढूनच टाकावे काय? तसे मी म्हणणार नाही. बातम्यांवरून नुसती नजर टाकायची असेल, ज्या विषयाची आपल्याला आधीच माहिती आहे त्यावरचा लेख चाळायचा असेल, तर चालते. चाळणे ही वाचनाचीच एक उपयुक्त रीत आहे, फक्त आपण चाळत आहोत हे मनाशी पक्के असावे. दुसरा उपयोग मला अधिक मोलाचा वाटतो. ज्यांना अक्षर फार मोठे लागते, त्यांना लहानशा पडद्यावर ओळ मावत नाही, ती शोधण्यातच दम जातो. अशांना एकेक शब्द मोठ्या ठशात एकाच जागी दिसणे काही वेळा सोयीचे ठरते. मात्र वेग मिनिटाला 60-80 शब्दांवर आणावा, थांबवण्याचे आणि एक वाक्य मागे नेण्याचे बटण कोठे आहे ते नातवाकडून समजून घ्यावे. मागे नेण्याची सोयच नसेल तर ते सॉफ्टवेअर आपल्या कामाचे नाही.

घरात सांभाळ करणाऱ्यांनी एक साधी तपासणी करून पाहण्यासारखी आहे. वर्तमानपत्रातला एक छोटा मजकूर आई-वडिलांना कागदावर नेहमीप्रमाणे वाचू द्यावा, तेवढाच दुसरा पडद्यावर. नंतर ‘काय लिहिलंय हो त्यात?’ असे गप्पांच्या ओघात विचारावे. परीक्षा घेतल्यासारखे नव्हे, त्याने माणूस दुखावतो आणि उत्तरही नीट येत नाही. कोण, कधी, किती हे सांगता आले तर वाचन झाले. ‘वाचून झालं का?’ या प्रश्नाला मात्र काही अर्थ नाही. माझे झालेच होते.

वाचन मंदावले म्हणून वेग वाढवण्यापूर्वी चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा, खोलीतला दिवा डोक्यामागून किंवा बाजूने पानावर पडेल असा ठेवावा, मोतीबिंदू आहे का ते पाहून घ्यावे. सरळ ओळी वाकड्या, लाटांसारख्या दिसू लागल्या तर पीतबिंदूचा विकार असू शकतो, नेत्रतज्ज्ञांकडे त्याच आठवड्यात जावे. कालपर्यंत वाचता येत होते आणि आज अक्षरे दिसतात पण वाचता येत नाहीत, किंवा ओळीचा अर्धा भाग एकाएकी दिसेनासा झाला, तर तो मेंदूच्या रक्तपुरवठ्यातील अडथळा असू शकतो. अशा वेळी चष्म्याच्या दुकानात नव्हे, थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे. गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. आणि वाचलेले क्षणार्धात विसरणे महिनोन्‌महिने वाढत असेल, सोबत व्यवहारातही गोंधळ होऊ लागला असेल, तर त्यामागे थायरॉइड, बी-12ची कमतरता, उदासी किंवा झोपेची गोळी अशी दुरुस्त होण्याजोगी कारणेही असतात. डॉक्टरांना सांगितले पाहिजे.

माझ्या टॅबवर ते सॉफ्टवेअर अजून आहे. क्रिकेटच्या बातम्या त्यावर पाहतो. गोळ्यांच्या सूचना मात्र पत्नी मोठ्याने वाचते, मी ऐकतो, आणि मग कागद हातात घेऊन स्वतः एकदा वाचतो. प्रत्येक ‘नये’खाली तिने पेन्सिलीने रेघ ओढून ठेवली आहे.